रास्पबेरी पायसाठी बूट होणारं मेमरी कार्ड कसं तयार करावं?

प्रश्न असा आहे: रास्पबेरी पाय ३ बोर्ड (एका पाटीवरचा छोटा संगणक) आणि ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड आहे. ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज डाउनलोड केली, कार्ड फॉरमॅट केलं, इमेजची फाइल त्यावर कॉपी केली आणि कार्ड बोर्डात घातलं. लाल दिवा लागला, पण स्क्रीन काळीच. मग एका टूलने तीच फाइल कार्डावर 'फ्लॅश' केली, तर आता विंडोजमध्ये ६४ जीबीचं कार्ड जेमतेम ५१२ एमबीचं दिसतंय, आणि वर 'ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करा' अशी खिडकी येतेय. कार्ड खराब झालं का?

नाही झालं. दुसऱ्या वेळी तुम्ही जे केलंत तेच बरोबर होतं. त्या खिडकीत 'कॅन्सल' दाबलं असेल तर कार्ड तसंच काढून बोर्डात घाला, बहुतेक चालेल. 'फॉरमॅट' दाबून बसला असाल तर सगळं पुन्हा लिहावं लागेल, पण तेवढंच. कार्डाला इजा झालेली नाही.

हे असं का होतं ते एकदा समजलं की पुढे कुठलाही बोर्ड हातात आला तरी अडत नाही, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

बोर्डाला वीज मिळते तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं. ना लिनक्स, ना तुमची फाइल. मुख्य चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटासा प्रोग्राम असतो, त्याला बूट रॉम म्हणतात. त्याची अक्कल फार थोडी. पाय ३ मधला हा प्रोग्राम कार्डावरचं फॅट पद्धतीचं पार्टिशन शोधतो (पार्टिशन म्हणजे कार्डाचा वेगळा आखलेला भाग, फॅट ही त्यात फाइली मांडायची एक पद्धत) आणि त्यात 'बूटकोड डॉट बिन' नावाची फाइल आहे का एवढंच बघतो. आणखी एक गंमत म्हणजे या वेळी मुख्य प्रोसेसर झोपलेलाच असतो, हे सगळं काम ग्राफिक्सचा भाग करतो. बूटकोड मिळाला की तो 'स्टार्ट डॉट एल्फ' शोधतो, ती फाइल 'कॉन्फिग डॉट टीएक्सटी' वाचते, मग लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेमरीत चढतो आणि तेव्हा कुठे मुख्य प्रोसेसर जागा होतो. कर्नल पुढे दुसरं पार्टिशन उघडतो. ते एक्स्ट४ पद्धतीचं असतं आणि खरी ऑपरेटिंग सिस्टिम तिथे असते.

म्हणजे कार्डावर किमान दोन पार्टिशनं लागतात, ठरावीक पद्धतीची, ठरावीक क्रमाने. डाउनलोड केलेली इमेज फाइल म्हणजे अशाच एका तयार कार्डाची पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत घेतलेली नक्कल असते. पार्टिशनांचा तक्ताही तिच्या आतच असतो. ती फाइल कार्डावर नुसती कॉपी करणं म्हणजे घराचा नकाशा गुंडाळून मोकळ्या प्लॉटवर ठेवणं. बूट रॉमला तिथे एक अनोळखी फाइल पडलेली दिसते आणि तो गप्प बसतो. शिवाय ३२ जीबीच्या वरची कार्डं मुळात एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि पाय ३ च्या बूट रॉमला एक्सफॅट वाचताच येत नाही. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रयत्नात त्याला ती फाइलसुद्धा दिसली नसणार.

टूलने इमेज लिहिली तेव्हा तक्त्यासकट सगळं जागच्या जागी बसलं. विंडोजला फॅट वाचता येतं, म्हणून ५१२ एमबीचं बूट पार्टिशन दिसतं. एक्स्ट४ वाचता येत नाही, म्हणून त्याला वाटतं की हा भाग फॉरमॅटच झालेला नाही. उरलेली जागा अजून कुणाच्याच नावावर नाही. बोर्ड पहिल्यांदा सुरू झाला की दुसरं पार्टिशन आपोआप कार्डाच्या शेवटापर्यंत वाढतं. यावरून हेही लक्षात येईल की लिहिण्याआधी कार्ड फॉरमॅट करण्यात काही अर्थ नाही. इमेज जुना तक्ता पुसून स्वतःचा बसवते.

आता पहिल्यापासून.

कार्ड निवडताना लोक वेष्टनावरचा मोठा आकडा बघतात, '१०० एमबी प्रतिसेकंद' वगैरे. तो एकसलग मोठी फाइल वाचण्याचा वेग असतो, कॅमेऱ्याच्या कामाचा. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र दिवसभर इथे चार केबी वाच, तिथे चार केबी लिही, असं करत असते. त्यासाठी 'ए१' हे चिन्ह बघा. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० विस्कळीत वाचनं आणि ५०० विस्कळीत लेखनं यांची हमी. 'ए२' मध्ये हे आकडे ४००० आणि २००० आहेत, पण ते गाठायला बोर्डाकडूनही खास साथ लागते आणि पाय ३ ती देत नाही. तुमच्यासाठी चांगल्या कंपनीचं ए१ कार्ड पुष्कळ झालं. डेस्कटॉपशिवायच्या 'लाइट' आवृत्तीला ८ जीबीही पुरतात, डेस्कटॉपसाठी ३२ घ्या. मोठ्या कार्डाचा एक फायदा मात्र खरा आहे: जागा मोकळी असली की झीज जास्त पेशींवर वाटली जाते आणि कार्ड जास्त टिकतं.

बनावट कार्डांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण यात माझे दोन दिवस गेले आहेत. अशा कार्डात आत ८ जीबीची चिप असते आणि तिचा कंट्रोलर मात्र संगणकाला '६४ जीबी' असं सांगतो. आठ जीबीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. पुढे लिहिलेलं हवेत तरी जातं, नाहीतर सुरुवातीच्या भागावर चढतं. मला मिळालेलं कार्ड इमेज लिहून बूट झालं, आठवडाभर चाललं, आणि एक दिवस पॅकेज अपडेट करताना फाइल सिस्टिम मोडून पडली. मी वीजपुरवठा बदलला, बोर्ड बदलला, इमेज तीनदा लिहिली. कार्डावर संशय सगळ्यात शेवटी गेला. तेव्हापासून नवं कार्ड आलं की पहिलं काम तपासणी. विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू', लिनक्स आणि मॅकवर 'एफ३'. दोन्ही टूलं कार्ड काठोकाठ भरतात आणि मग लिहिलेलं सगळं परत वाचून पडताळतात. सेकंदाला १० एमबी वेगाने लिहिणारं ६४ जीबीचं कार्ड भरायलाच पावणेदोन तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा. एक मात्र लक्षात ठेवा: विंडोजमध्ये ६४ जीबीचं कार्ड ५९ च्या आसपास दिसलं तर ते बनावट नाही. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक.

इमेज नेहमी मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. सोबत शा२५६ ची बेरीज (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) दिलेली असते, ती आपल्या फाइलशी जुळवून बघा. अर्धवट डाउनलोड झालेली इमेज कार्डावर खुशाल लिहिली जाते आणि मग बूट होताना भलत्याच ठिकाणी अडते. तुमच्या पाय ३ मध्ये १ जीबी रॅम आहे, म्हणून ३२ बिटची डेस्कटॉप आवृत्ती किंवा लाइट घ्या. बोर्ड नवा असेल तर उलटी काळजी घ्यावी लागते. पाय ४ जून २०१९ मध्ये आला, त्याच्या आधीच्या इमेजमध्ये त्याला लागणारं फर्मवेअरच (बोर्ड सुरू करणाऱ्या फाइली) नाही. जुन्या पायमधलं चालतं कार्ड काढून नव्या बोर्डात घातलं आणि काहीच झालं नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

लिहिण्यासाठी मी आता जवळजवळ नेहमी 'रास्पबेरी पाय इमेजर' वापरतो. २०२० मध्ये आलेलं हे टूल इमेज स्वतः डाउनलोड करतं, बेरीज जुळवतं, लिहितं आणि लिहून झाल्यावर कार्ड परत वाचून पडताळतं. ही शेवटची पडताळणी कंटाळवाणी वाटते आणि लोक मधेच रद्द करतात. कृपा करून करू नका. पडताळणीत चूक निघाली तर लगेच कार्ड फेकूही नका. आधी कार्ड रीडर बदला, मग यूएसबीचा पोर्ट बदला. माझ्याकडे दर वेळी वेगळ्या ठिकाणी चूक दाखवणारं एक कार्ड होतं. दोष निघाला तो मायक्रोएसडी ज्यात घालतो त्या मोठ्या अडॅप्टरच्या काळवंडलेल्या पट्ट्यांचा. त्या अडॅप्टरच्या डाव्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते, ती खाली सरकली की कार्ड 'राइट प्रोटेक्टेड' होतं. कार्ड खोबणीत घालताना ती बोटाच्या धक्क्यानेही सरकते. 'लिहिता येत नाही' असा संदेश आला की सगळ्यात आधी तिकडे बघा.

लिनक्सवर अनेकांना बाइटला बाइट नक्कल करणाऱ्या 'डीडी' कमांडची सवय असते. मलाही होती, आणि ती सवय महागात पडली. डीडी काही विचारत नाही. 'आयएफ' मध्ये कुठून आणि 'ओएफ' मध्ये कुठे एवढं सांगितलं की ती लिहीत सुटते. एका संध्याकाळी लिनक्सने कार्डाला दिलेलं नाव 'एसडीबी' होतं. मधे संगणक रीस्टार्ट केला, बाहेरची हार्डडिस्क जोडलेलीच होती, आणि या वेळी एसडीबी हे नाव डिस्कला मिळालं. मी आधीचीच कमांड वरचा बाण दाबून परत चालवली. कार्डाच्या मानाने वेग फार जास्त दिसतोय हे वीसेक सेकंदांनी लक्षात आलं, तोवर डिस्कचा तक्ता आणि सुरुवातीचा बराच भाग गेलेला होता. फोटोरेक या टूलने पुष्कळसे फोटो परत मिळाले, पण एकाचंही नाव किंवा फोल्डर उरलं नाही. घरातल्यांचे सगळे फोटो एका ढिगात, तारखांच्या अंदाजाने लावत बसलो.

म्हणून डीडी वापरायचीच असेल तर अशी वापरा. कार्ड लावण्याआधी जोडलेल्या डिस्कांची यादी देणारी 'एलएसबीएलके' एकदा चालवा, कार्ड लावून पुन्हा चालवा. जे नाव नव्याने आलं तेच कार्ड, आणि त्याच्यापुढचा आकारही जुळायला हवा. कार्डावरची पार्टिशनं आपोआप माउंट झाली (वापरासाठी उघडली गेली) असतील तर ती अनमाउंट करा. ओएफमध्ये पूर्ण डिस्कचं नाव द्या, 'एसडीबी', पार्टिशनचं 'एसडीबी१' नव्हे. शेवटी आकडा राहिला तर संपूर्ण इमेज पहिल्या पार्टिशनच्या पोटात लिहिली जाते आणि बूट रॉमला काही सापडत नाही. लॅपटॉपच्या अंगच्या रीडरमध्ये नाव 'एमएमसीबीएलके०' असं येतं, तिथे पार्टिशनला 'पी१' लागतं आणि पूर्ण कार्डाला काहीच नाही. ब्लॉकचा आकार ४ एमबी ठेवा, 'कन्व्ह' मध्ये 'एफसिंक' द्या, म्हणजे शेवटचा बाइट कार्डावर उतरल्यावरच कमांड संपेल. एफसिंक दिलं नाही तर प्रॉम्प्ट लवकर परत येतो, डेटा अजून रॅममध्येच असतो, आणि कार्ड उपसलं की काम अर्धवट. इमेज 'एक्सझेड' मध्ये आवळलेली असेल तर आधी सोडवून घ्या. इमेजर ते स्वतः करतं, डीडी करत नाही.

स्क्रीन आणि कीबोर्ड न जोडता बोर्ड चालवायचा असेल तर लिहिण्याआधीच इमेजरच्या सेटिंगमध्ये वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून बोर्ड चालवायची सोय) भरून घ्या. इंटरनेटवरचे जुने धडे इथे हमखास फसवतात. 'पाय' हे नाव आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड एप्रिल २०२२ पासून बंद झाला, आता वापरकर्ता आपणच तयार करायचा. बूट पार्टिशनमध्ये वायफायची 'डब्ल्यूपीए सप्लिकंट' फाइल टाकायची युक्ती ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून चालत नाही, कारण नेटवर्कचं काम आता नेटवर्क मॅनेजरकडे गेलं आहे. 'एसएसएच' नावाची रिकामी फाइल ठेवण्याची युक्ती बुकवर्ममध्येही चालते. वायफाय भरताना देश निवडायला विसरू नका, त्याशिवाय रेडिओ सुरूच होत नाही. आणि तुमचा पाय ३ 'मॉडेल बी' असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतच नाही. राउटरचं २.४ गिगाहर्ट्झचं नाव द्या.

पहिल्या बूटला धीर धरा. पार्टिशन वाढतं, एसएसएचच्या किल्ल्या तयार होतात, बोर्ड मधे स्वतःच एकदा रीस्टार्ट होतो. यात काही मिनिटं जातात. या वेळी 'अडकलं वाटतं' म्हणून वायर उपसलेली कार्डं मी किती परत लिहिली असतील त्याला गणती नाही.

तरीही बूट झालं नाही, तर हिरव्या दिव्याकडे बघा. लाल दिवा फक्त वीज पोचली एवढंच सांगतो, हिरवा दिवा कार्डाची हकिगत सांगतो. तो एकदाही लुकलुकला नाही तर बोर्डाला कार्डावर काहीच सापडलेलं नाही: लिहिणं चुकलं, कार्ड नीट बसलं नाही किंवा खोबणीत धूळ आहे. सलग चार वेळा लुकलुकून थांबत असेल तर 'स्टार्ट डॉट एल्फ' मिळाली नाही, सात वेळा असेल तर कर्नल मिळाला नाही. म्हणजे बूट पार्टिशन आहे, आतल्या फाइली गहाळ किंवा खराब आहेत. स्क्रीनवर सप्तरंगी चौकोन येऊन तिथेच थांबलं तर फर्मवेअरपर्यंत गाडी पोचली आणि कर्नलपाशी अडली. कोपऱ्यात विजेचं चिन्ह आलं तर कार्डाला बोल लावू नका. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की ते चिन्ह येतं. पाय ३ ला ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, आणि दोष अडॅप्टरपेक्षा पुष्कळदा बारीक, लांब वायरचा असतो. 'सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी' मध्ये काही बदल केला असेल तर तोही बघा. त्या फाइलमधलं सगळं एकाच ओळीत असावं लागतं. मधे एंटर पडला की त्याच्या पुढचं वाचलं जात नाही.

उद्या दुसऱ्या चिपचा बोर्ड घेतलात तर तत्त्व हेच, पण ठिकाणं बदलतात. ऑलविनर चिपचा बूट रॉम फाइल शोधतच नाही, कार्डाच्या सुरुवातीपासून ८ केबीवर जे असेल ते उचलतो. रॉकचिपच्या आरके३३९९ मध्ये पहिला टप्पा ६४ व्या सेक्टरपासून, म्हणजे ३२ केबीवर, आणि यू-बूट हा सिस्टिम चढवणारा बूटलोडर ८ एमबीवर असतो. बीगलबोन ब्लॅक फॅट पार्टिशनमध्ये 'एमएलओ' नावाची फाइल शोधतो, आणि त्याच्या अंगावरच्या ईएमएमसीत (बोर्डावरच बसवलेल्या साठवणीच्या चिपमध्ये) आधीची सिस्टिम असेल तर वीज देताना एस२ बटण दाबून धरावं लागतं, नाहीतर कार्डाकडे तो बघतही नाही. या बोर्डांच्या कार्डाचा तक्ता कुठल्या पार्टिशन टूलने 'दुरुस्त' करायला जाऊ नका. जीपीटी पद्धतीचा तक्ता सुरुवातीचे सुमारे १७ केबी व्यापतो, म्हणजे ऑलविनरचा ८ केबीवरचा बूटलोडर त्याच्याखाली गाडला जातो. पार्टिशनं सगळी शाबूत दिसतात आणि बोर्ड मात्र मेल्यासारखा पडून राहतो. याच कारणाने एका बोर्डाची इमेज दुसऱ्यावर चालत नाही, दोन्हींवर लिनक्स असलं तरी.

कार्ड चालू लागलं, सगळं मनासारखं बसलं, की त्याच दिवशी बोर्ड बंद करून कार्डाची उलटी इमेज काढून ठेवा. डीडीमध्ये आयएफ आणि ओएफची अदलाबदल, एवढंच (नावं पुन्हा दोनदा बघून). फाइल पूर्ण ६४ जीबीची होते, 'पायश्रिंक' ही स्क्रिप्ट तिला आतल्या खऱ्या डेटाएवढी करते. हे फक्त जागा वाचवण्यासाठी नाही. दोन कंपन्यांची '६४ जीबी' कार्डं काही एमबींनी लहानमोठी असतात आणि न आवळलेली इमेज लहान कार्डावर शेवटच्या क्षणी मावत नाही.

तुमच्यापुरतं आता एवढं करा: विंडोजची ती खिडकी आली की कॅन्सल, कार्ड 'इजेक्ट' करून काढा, वीज बंद असताना बोर्डात घाला, एचडीएमआयची वायर आधी आणि वीज शेवटी जोडा, आणि पाच मिनिटं हात लावू नका. त्यानंतरही स्क्रीन काळीच राहिली तर हिरवा दिवा किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजून कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.